चुंबक, जनुक आणि मात्रेचा प्रश्न : मॅग्नेटोफेक्शन तंत्राचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जनुक म्हणजे काय, त्याची रचना कशी असते आणि त्यातील संदेश कसा वाचला जातो, या प्रश्नांचा इतिहास जीवशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सविस्तर आढळतो. परंतु जनुक पेशीच्या बाहेरून आत कसे नेले गेले, या प्रश्नाचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः जनुकोपचाराचे यशापयश प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे. योग्य जनुक हाती असूनही ते योग्य पेशीत, योग्य प्रमाणात पोहोचले नाही तर उपचार निष्फळ ठरतो. आणि पोहोचवण्यासाठी मात्रा अमर्याद वाढवली तर तो जीवघेणाही ठरू शकतो.

पोहोचवण्याच्या या प्रयत्नांतील एक प्रकरण म्हणजे चुंबकीय नॅनोकणांच्या साहाय्याने जनुके पेशींत नेण्याचे तंत्र. त्याला मॅग्नेटोफेक्शन असे नाव आहे. प्रस्तुत लेखात या तंत्राची पूर्वपीठिका, त्याचा उदय, त्याच्या यंत्रणेविषयी बदलत गेलेली समज आणि त्याच्या मर्यादा यांचा कालक्रमाने आढावा घेतला आहे. या तंत्राचे खरे महत्त्व ‘जनुक पेशीत ओढून नेणे’ यात नसून ‘कमी मात्रेत काम भागवणे’ यात आहे, आणि त्याचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावयास हवे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पेशीच्या दारापर्यंतची वाट

१९२८ मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूंवर प्रयोग करताना निरुपद्रवी जिवाणूंमध्ये मृत घातक जिवाणूंचे गुणधर्म संक्रमित होतात असे दाखवले. १९४४ मध्ये ओसवाल्ड एव्हरी, कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी हे संक्रमण घडवणारे द्रव्य डीएनए असल्याचे सिद्ध केले. आनुवंशिकतेच्या इतिहासात या प्रयोगाचे स्थान सर्वपरिचित आहे. मात्र त्यातून आणखी एक गोष्ट सूचित झाली होती. डीएनए बाहेरून पेशीत जाऊ शकते, ही ती गोष्ट होय.

प्राण्यांच्या पेशींबाबत हे काम सोपे नव्हते. डीएनएच्या रेणूवर ऋण विद्युतभार असतो आणि पेशीपटलाचा पृष्ठभागही ऋणभारित असतो. त्यामुळे दोहोंमध्ये आकर्षणाऐवजी प्रतिकर्षण घडते. या अडचणीवर १९६५ मध्ये धनभारित डेक्स्ट्रानचा उपाय पुढे आला. १९७३ मध्ये फ्रँक ग्रॅहॅम आणि अ‍ॅलेक्स व्हॅन डर एब यांनी नेदरलँड्समधील लायडेन येथे कॅल्शियम फॉस्फेटची पद्धत मांडली. या पद्धतीत डीएनए कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक साक्यात बांधले जाते आणि तो साका पेशींवर बसतो. अवक्षेप तळाशी बसणे ही रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला अत्यंत परिचित अशी घटना. पण पुढील विवेचनाच्या दृष्टीने ती लक्षात ठेवावयास हवी. जनुक पेशीवर ‘बसवणे’ हा या पद्धतीचा गाभा होता.

त्यानंतरच्या दोन दशकांत अनेक मार्ग निघाले. १९८२ मध्ये एबरहार्ड नॉयमान आणि सहकाऱ्यांनी विजेच्या क्षणिक झटक्याने पेशीपटलात छिद्रे पाडून जनुके आत सोडली. १९८७ मध्ये फिलिप फेल्गनर आणि सहकाऱ्यांनी धनभारित स्निग्धद्रव्यांच्या साहाय्याने लिपोफेक्शन हे तंत्र मांडले. त्याच वर्षी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएचा लेप दिलेले टंगस्टनचे सूक्ष्म कण कांद्याच्या पेशींवर गोळीसारखे झाडले. १९९५ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील ज्याँ-पॉल बेर यांच्या गटाने पॉलिइथिलीनइमाइन या बहुवारिकाची उपयुक्तता दाखवून दिली. हे बहुवारिक डीएनएला घट्ट आवळते आणि पेशीने गिळल्यानंतर एंडोसोम या पिशवीतून त्याची सुटका होण्यास मदत करते.

या सर्व पद्धतींना समांतर असा दुसरा मार्ग विषाणूंचा होता. पेशीत शिरण्याची कला विषाणूंना उत्क्रांतीनेच बहाल केली आहे. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत एका चार वर्षांच्या मुलीवर रेट्रोव्हायरसच्या साहाय्याने जनुकोपचाराची पहिली अधिकृत चाचणी सुरू झाली. तिच्या रक्तपेशी शरीराबाहेर काढून त्यांत जनुक घालून त्या परत देण्यात आल्या. पुढील काही वर्षे जनुकोपचाराविषयी मोठ्या आशेचे वातावरण होते.

चुंबकीय कणांचा स्वतंत्र प्रवास

जनुकशास्त्रात हे घडत असताना चुंबकीय कणांचा प्रवास निराळ्या वाटेने चालू होता. १९४९ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी अतिसूक्ष्म चुंबकीय कणांचे एक वैशिष्ट्य सिद्धांतरूपाने मांडले. काही नॅनोमीटर आकाराच्या कणांत उष्णतेमुळे चुंबकनाची दिशा सतत पालटत राहते. परिणामतः बाहेरचे चुंबक जवळ असेपर्यंत असे कण जोमाने आकर्षिले जातात. ते दूर होताच त्यांचे चुंबकत्व उरत नाही आणि ते एकमेकांना चिकटून गुठळ्या होत नाहीत. यालाच सुपरपॅरामॅग्नेटिझम म्हणतात. रक्तात किंवा पेशीसंवर्धनाच्या द्रवात वापरावयाच्या कणांसाठी हा गुणधर्म अत्यावश्यक आहे. नील यांना १९७० मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या नासा संस्थेत स्टीफन पॅपेल यांनी अवकाशयानाच्या इंधनाला गुरुत्वाकर्षणाविना दिशा देण्यासाठी चुंबकीय द्रव तयार केला. चुंबकीय कण औषध वाहून नेऊ शकतील ही कल्पना १९६० मध्येच वैज्ञानिक नियतकालिकात आली होती. १९७८ मध्ये केनेथ विडर आणि सहकाऱ्यांनी अल्ब्युमिन या प्रथिनाच्या सूक्ष्मगोलकांत औषध आणि मॅग्नेटाइट एकत्र बांधून या कल्पनेला प्रत्यक्ष रूप दिले. १९८१ मध्ये फ्रान्समधील रेने मासार यांनी जलीय माध्यमात लोहक्षारांपासून मॅग्नेटाइटचे स्थिर कण बनवण्याची सुलभ पद्धत सांगितली. साध्या रसायनशाळेतही करता येण्याजोग्या या कृतीमुळे असे कण अनेक प्रयोगशाळांच्या आवाक्यात आले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या मिश्रधातूची प्रबळ कायमस्वरूपी चुंबके जपान आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे विकसित झाली. लहानशा तबकडीत मावणारे प्रबळ चुंबक आता उपलब्ध झाले.

या प्रवाहाचा रुग्णालयातील महत्त्वाचा टप्पा १९९६ मध्ये बर्लिन येथे आला. आंद्रेआस ल्यूबे आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या प्रगत अवस्थेतील १४ रुग्णांना एपिरुबिसिन हे औषध चुंबकीय कणांवर बांधून दिले आणि गाठीजवळ चुंबक ठेवून ते तेथे रोखण्याचा प्रयत्न केला. सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये कण गाठीकडे वळवता आले. उर्वरितांत ते साधले नाही. या अभ्यासाच्या लेखकांत ख्रिस्टियान बर्गेमान हे बर्लिनचे कणनिर्माते होते. पुढे हेच नाव जनुकवहनाच्या इतिहासात पुन्हा भेटते.

१९९९ : मात्रेचा प्रश्न

१३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या तरुणाच्या यकृताकडे जाणाऱ्या रोहिणीत सुधारित अ‍ॅडिनोव्हायरस सोडण्यात आला. त्याला यकृतातील एका विकराच्या कमतरतेचा आनुवंशिक विकार होता. परंतु आहार आणि औषधे यांच्या साहाय्याने तो आटोक्यात होता. चाचणी सुरक्षिततेची होती आणि तो सर्वाधिक मात्रेच्या गटात होता. त्याला दिलेल्या विषाणुकणांची संख्या सुमारे ३८ लाख कोटी होती. शरीराच्या प्रतिकारसंस्थेने त्याविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया दिली आणि १७ सप्टेंबर रोजी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या चौकशीत चाचणीच्या संचालनातील त्रुटीही उघड झाल्या.

या घटनेचा नैतिक आणि प्रशासकीय अंगांनी पुष्कळ ऊहापोह झाला आहे. येथे तिच्या एका तांत्रिक अंगाकडे लक्ष वेधावयाचे आहे. एवढ्या प्रचंड संख्येने विषाणू देण्याची गरज का भासावी? वाहक कोठे जाईल यावर नियंत्रण नसल्यामुळे पुरेसे कण इष्ट पेशींपर्यंत पोहोचावेत यासाठी एकूण संख्या वाढवणे हाच उपाय उरतो. शेताच्या एका कोपऱ्यातील रोपाला पाणी देण्यासाठी सारे शेत तुडुंब भरण्यासारखे हे आहे. फरक इतकाच की येथे वाया जाणारा भाग निरुपद्रवी नसतो. मात्रेचा प्रश्न हा अशा रीतीने ठिकाणाचा प्रश्न ठरतो.

म्युनिक, २००२ : दोन प्रवाहांचा संगम

विसाव्या शतकाच्या अखेरीस चुंबक आणि जनुक यांना एकत्र आणण्याचे प्रयत्न एकाहून अधिक ठिकाणी चालू होते. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात कॅथरिन माह आणि बॅरी बर्न यांच्या गटाने अ‍ॅडिनो-सहयोगी विषाणू चुंबकीय सूक्ष्मगोलकांशी जोडले. लंडनमध्ये चुंबकीय कणांच्या साहाय्याने रेट्रोव्हायरसचे विरळ द्रावण संहत करण्याचे काम झाले आणि ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि या तंत्राला नाव आणि व्यापक रूप मिळाले ते जर्मनीतील म्युनिक तांत्रिक विद्यापीठात.

ख्रिस्टियान प्लांक यांनी त्यापूर्वी व्हिएन्ना येथे एर्न्स्ट वाग्नर यांच्यासमवेत विषाणूविरहित जनुकवाहकांवर काम केले होते. म्युनिकमध्ये फ्रान्झ शेरर, मार्टिना आन्टोन, बर्न्ड गॅन्सबाखर आदी सहकाऱ्यांसह त्यांनी केलेले संशोधन ‘जीन थेरपी’ या नियतकालिकात २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. या शोधनिबंधाच्या लेखकांत बर्गेमान यांचेही नाव आहे. बर्लिनच्या रुग्णालयातील चुंबकीय औषधवहनाचा आणि व्हिएन्नातील जनुकवाहकांचा असे दोन अनुभव या एका निबंधात एकत्र आलेले दिसतात. ‘मॅग्नेटोफेक्शन’ हा शब्दही त्यांचाच. पेशीत केंद्रकाम्ल घालण्याच्या क्रियेला आधीपासून ट्रान्सफेक्शन म्हणत. त्याच्या उत्तरार्धाला चुंबक जोडून हा शब्द घडवला गेला.

पद्धत दिसावयास सोपी आहे. लोह ऑक्साइडच्या कणांवर पॉलिइथिलीनइमाइनसारख्या धनभारित बहुवारिकाचा लेप दिला जातो. क्षारयुक्त द्रावणात हे कण डीएनए किंवा विषाणू यांच्याशी मिसळले की विद्युतभाराच्या आकर्षणाने ते परस्परांशी जोडले जातात. हे मिश्रण पेशींवर घालून पेशींची बशी प्रबळ चुंबकांच्या तबकडीवर काही मिनिटे ठेवली जाते. कण वेगाने तळाशी येतात आणि पेशींवर बसतात.

निबंधात नोंदवलेले परिणाम लक्षणीय होते. वाहकांची कार्यक्षमता काही शेकडा पटींपर्यंत वाढली. जनुकवहनाचा काळ तासांवरून मिनिटांवर आला. ज्या पेशींवर अ‍ॅडिनोव्हायरसला आवश्यक असा ग्राही रेणू नसतो, त्यांतही तो शिरू शकला. प्राण्यांच्या पचनमार्गात आणि रक्तवाहिन्यांतही चुंबकाच्या जागी जनुकाचा प्रभाव दिसला. हा शोधनिबंध १९९९ च्या घटनेला उत्तर म्हणून लिहिला गेला, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु अल्प मात्रेत आणि नेमक्या जागी जनुक पोहोचवण्याचे त्याचे आश्वासन त्या काळात इतके महत्त्वाचे का वाटले असावे, हे त्या घटनेच्या पार्श्वभूमीवरच नीट उमगते.

यंत्रणेचा शोध : चुंबकाने नेमके काय केले?

नवे तंत्र पुढे आले की त्याच्याविषयी एक सोपे चित्र रूढ होते. चुंबक कणांना पेशीपटलातून आरपार ओढतो, असे चित्र या तंत्राविषयीही रूढ होण्यासारखे होते. २००४ मध्ये श्टेफानी हूट आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाने ते खोडून काढले. चुंबकीय कणांसह आलेले डीएनए पेशी नेहमीच्याच मार्गाने, म्हणजे पटलाचा खळगा करून गिळून, आत घेतात असे त्यात दिसून आले. चुंबकाचे कार्य कणांना पेशीच्या पृष्ठभागापर्यंत आणून सोडणे एवढेच होते.

यात तंत्राचा कमीपणा नाही. साध्या गणिताने हे स्पष्ट होते. सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाच्या कणाला पाण्यात केवळ विसरणाने एक मिलिमीटर अंतर कापावयास साधारणतः एका दिवसाच्या घरातला वेळ लागतो. पेशींवरील द्रवाची खोली काही मिलिमीटर असते. म्हणजे नेहमीच्या प्रयोगात बहुसंख्य कण पेशीला स्पर्शही न करता द्रवातच राहतात आणि प्रयोगकर्ता ही उणीव मात्रा वाढवून भरून काढतो. २००० मध्ये डॅन लुओ आणि मार्क साल्ट्झमन यांनी सिलिकाच्या जड कणांसह डीएनए पेशींवर बसवून कार्यक्षमता वाढते असे दाखवले होते. तेथे चुंबक नव्हते, केवळ गुरुत्वाकर्षण होते. १९७३ चा कॅल्शियम फॉस्फेटचा साका, २००० चे सिलिकाचे कण आणि २००२ चे चुंबकीय कण ही या दृष्टीने एकाच विचाराची तीन रूपे आहेत. तिसऱ्यात गुरुत्वाकर्षणाची जागा प्रयोगकर्त्याच्या हातातील बलाने घेतली.

परंतु पेशीच्या पृष्ठभागानंतरचे दोन अडथळे, म्हणजे एंडोसोममधून सुटका आणि केंद्रकात प्रवेश, चुंबकाच्या कक्षेबाहेरच राहिले. ते पार करण्याचे काम बहुवारिकाने किंवा विषाणूनेच करावयाचे होते. वाटेतील तीन नाक्यांपैकी चुंबकाने पहिला नाका सोडवला, हे नेमकेपणाने समजून घेणे आवश्यक आहे.

शरीराच्या आत : मर्यादांचा इतिहास

सपाट बशीतून जिवंत शरीरात जाताना परिस्थिती पालटते. चुंबकीय कणावरील बल केवळ क्षेत्राच्या तीव्रतेवर नव्हे, तर ती अंतरागणिक किती झपाट्याने बदलते यावरही अवलंबून असते आणि चुंबकापासून काही सेंटीमीटरवर ते अत्यंत क्षीण होते. मोठ्या रोहिण्यांत रक्ताचा वेग सेकंदाला काही दहा सेंटीमीटर असतो. तेथे कणाला अडवणे दुरापास्त होते. याखेरीज एक मूलभूत अडचण आहे. १८४२ मध्ये सॅम्युअल अर्नशॉ यांनी मांडलेल्या सिद्धांताच्या अनुषंगाने असे दाखवता येते की, शरीराबाहेरील स्थिर चुंबकांचे क्षेत्र शरीराच्या आत खोलवर एखाद्या बिंदूशी महत्तम होऊ शकत नाही. ते चुंबकाच्या बाजूच्या पृष्ठभागाजवळच सर्वाधिक राहते. भिंगाने प्रकाश एकवटावा तसे चुंबकाने कण खोलवरच्या अवयवात एकवटता येत नाहीत.

म्हणूनच या तंत्राचे शरीरातील प्रयोग मुख्यतः पृष्ठभागाजवळच्या किंवा थेट टोचता येणाऱ्या जागी झाले. म्युनिकमध्ये फायब्रोसार्कोमा या कर्करोगाने ग्रस्त मांजरांवर, शस्त्रक्रियेपूर्वी गाठीत चुंबकीय कणांसह प्रतिकारवर्धक जनुके सोडण्याच्या प्राथमिक चाचण्या झाल्या. २००७ मध्ये कार्स्टेन रुडोल्फ, प्लांक आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुफ्फुसात चुंबकीय कणयुक्त तुषार इष्ट बाजूला वळवून दाखवले. इंग्लंडमधील कील विद्यापीठात जॉन डॉब्सन यांच्या गटाने स्थिर चुंबकाऐवजी आडव्या दिशेने हलणारी चुंबके वापरून पेशीसंवर्धनातील कार्यक्षमता आणखी वाढवली. मात्र औषध म्हणून मान्यताप्राप्त अशी मॅग्नेटोफेक्शनवर आधारित जनुकोपचारपद्धती या मार्गाने पुढे आली नाही.

दरम्यान इतर वाहकांनी आघाडी घेतली. २०१७ मध्ये अ‍ॅडिनो-सहयोगी विषाणूवर आधारित दृष्टिदोषावरील उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१८ मध्ये स्निग्ध नॅनोकणांतून दिले जाणारे आरएनए-औषध आले आणि डिसेंबर २०२० पासून कोविडविरोधी एमआरएनए लसींनी हे वाहक जगभर पोहोचवले. पुण्यातील जेनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लसीला जून २०२२ मध्ये भारतात आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. विशेष म्हणजे प्लांक आणि रुडोल्फ यांनीही २००९ मध्ये म्युनिकजवळ एमआरएनए-औषधांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली होती. तंत्राचे जनकच दुसऱ्या वाटेने गेले, हे इतिहासकाराने नोंदवावयास हवे.

परागकण आणि कापूस

या तंत्राचे एक प्रकरण कृषिप्रधान महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कापसाच्या बहुतेक वाणांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत पूर्ण रोप वाढवणे कठीण असते. त्यामुळे नवे जनुक प्रथम कोकर ३१२ सारख्या अनुकूल वाणात घालून नंतर अनेक पिढ्यांच्या संकराने स्थानिक वाणांत आणावे लागते. २००२ मध्ये भारतात लागवडीस मान्यता मिळालेल्या बीटी कापसातील जनुकाचा प्रवासही असाच झाला. २०१७ मध्ये चीनमधील संशोधकांनी चुंबकीय कणांच्या साहाय्याने कापसाच्या परागकणांत जनुक घालून, त्या परागाने फुले फलित करून थेट परिवर्तित बियाणे मिळवल्याचे प्रसिद्ध केले. ऊतीसंवर्धनाचा टप्पा वगळता आला तर विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू जमिनीला मानवणाऱ्या देशी वाणांवरही असे काम थेट करता येईल, ही शक्यता साहजिकच आकर्षक होती.

तथापि २०२० मध्ये त्याच नियतकालिकात अमेरिकेतील संशोधकांनी मका, ज्वारी आदी एकदलिकित वनस्पतींच्या परागांवर हे तंत्र वापरूनही यशाचा पुरावा मिळाला नाही असे नोंदवले. परागकणाचे कठीण आवरण आणि त्यावरील छिद्रांची स्थिती वनस्पतीगणिक वेगळी असते, हे यामागील एक कारण असू शकते. २०२२ मध्ये चीनमधून मक्याच्या परागात यश मिळाल्याचे वृत्त पुन्हा प्रसिद्ध झाले. हा वाद केवळ तांत्रिक नाही. एका प्रयोगशाळेतील यश दुसऱ्या प्रयोगशाळेत सिद्ध होईपर्यंत शेतकऱ्यापुढे आश्वासन म्हणून मांडता येत नाही, ही संशोधनाची शिस्त त्यातून अधोरेखित होते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, मॅग्नेटोफेक्शन हा एकाकी शोध नसून भौतिकशास्त्रातील सूक्ष्मचुंबकत्व, रसायनशास्त्रातील कणनिर्मिती आणि जीवशास्त्रातील जनुकवाहक या तीन परंपरांच्या संगमातून ते घडले. एकाच विषयाच्या चौकटीत त्याचा इतिहास लिहिता येत नाही. दुसरा, या तंत्राने सोडवलेला प्रश्न पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याचा होता. त्यापुढील प्रश्न त्याने सोडवले नाहीत आणि तसा दावाही त्याच्याविषयी करू नये. तिसरा, त्याचे स्थान आज मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. चेतापेशींसारख्या ज्या पेशींत जनुक घालणे कठीण असते, त्यांच्या संवर्धनात ते उपयोगी पडते. रुग्णालयासाठी जाहीर झालेले तंत्र प्रयोगशाळेत स्थिरावले, याला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल.

चौथा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो. १९९९ च्या मृत्यूने उभा केलेला मात्रेचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. विषाणुवाहकांच्या उच्च मात्रेचे दुष्परिणाम त्यानंतरच्या चाचण्यांतही दिसले आहेत. चुंबकाने या प्रश्नाचे उत्तर काही मिलिमीटर खोल द्रवापुरते दिले. परंतु ‘अधिक द्या’ याऐवजी ‘जवळ न्या’ हा विचार त्याने प्रयोगाने सिद्ध केला. पुढील वाहक कोणताही असो, त्याला याच विचाराच्या कसोटीला उतरावे लागेल.